सांडलेल्या रक्ताचा हिशोब मागणे म्हणजे रक्त विकणे नव्हे

खर्डा म्हटले की आंबेडकरी माणसाला एकच तारीख आठवते, २८ एप्रिल २०१४. त्या दिवशी नितीन आगे या कोवळ्या वयाच्या मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. महाराष्ट्रभर मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, भाषणे झाली. ते सगळे आवश्यकच होते, आणि तो लढा आजही संपलेला नाही.

पण याच खर्ड्याच्या पंचक्रोशीत दुसरी मरणेही होतात, ज्यांचा मोर्चा निघत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा, भूम या दुष्काळी पट्ट्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून कोयते निघतात. कुणी ट्रॉलीवरून पडतो, कुणी रात्री बैलगाडीसकट ट्रकखाली येतो. कुणी पुण्यात बांधकामाच्या परातीवरून कोसळतो, कुणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरतो आणि वर येत नाही. मरणाऱ्यांची आडनावे वाचा. आपलीच माणसे असतात, किंवा आपल्या शेजारच्या वस्तीवरची मातंग, वंजारी, पारधी, भटकी माणसे असतात. तेराव्याला चार पुढारी येतात, एखादा पाच हजारांचे पाकीट देतो, फोटो निघतो आणि विषय संपतो.

माझे म्हणणे सरळ आहे. या मरणांचा आणि या तुटलेल्या हातापायांचा कायदेशीर हिशोब मागण्याचे काम आंबेडकरी चळवळीने आपले मानलेले नाही. ते आपण वकिलांच्या दलालांवर, मुकादमांवर आणि ‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्या गावपुढाऱ्यांवर सोडले आहे. हे चूक आहे, आणि त्याची किंमत विधवा मोजतात.

‘रक्ताचे पैसे’ हा शब्द कुणाचा?

अपघाताची भरपाई मागायला निघाले की पहिला आवाज आपल्यातूनच येतो. ‘माणूस गेला, आता पैसे घेऊन काय करायचे? आपली लढाई स्वाभिमानाची आहे, पैशांची नाही.’ ऐकायला फार बाणेदार वाटते. पण हे वाक्य ज्याच्या घरात चूल विझली आहे तो कधी बोलत नाही. ज्याचा पगार १ तारखेला खात्यावर जमा होतो, तोच बोलतो.

साखर कारखान्याचे यंत्र मोडले तर कारखाना विमा कंपनीकडे दावा करतो. त्याला कुणी ‘यंत्र विकले’ म्हणत नाही. व्यापाऱ्याचे गोदाम जळाले तर तो पै न् पै वसूल करतो, त्याला हुशार म्हणतात. फक्त मजुराची बायको न्यायाधिकरणात गेली की तिने नवऱ्याचे रक्त विकले? हा शब्द आपला नाही. मजुराच्या जिवाला किंमत नसते असे मानणाऱ्या व्यवस्थेने तो आपल्या तोंडात घातला आहे.

आणि कायद्याकडे नीट पाहा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांमध्ये २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार खुनाच्या प्रकरणात सव्वाआठ लाख रुपये द्यायचे असतात, निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. निकालाची वाट पाहायची नसते. शिवाय पेन्शन, मुलांचे शिक्षण, पुनर्वसन हे वेगळे. म्हणजे शिक्षा आणि भरपाई हे दोन स्वतंत्र हक्क आहेत, हे कायद्यानेच मान्य केले आहे. एक मिळाला म्हणून दुसरा सोडायचा नसतो, आणि एक हुकला म्हणून दुसरा बुडत नाही.

खर्ड्याने आपल्याला फितूर साक्षीदार म्हणजे काय ते शिकवले. गावात जातीचा आणि पैशाचा दबाव असतो तेव्हा माणूस साक्षीला उभा राहत नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, म्हणून तिथे साक्षीदार फिरला की खटला कोसळतो. मोटार अपघाताच्या दाव्यात तसे नाही. तिथे शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहतात. ड्रायव्हर फौजदारी खटल्यातून सुटला तरी भरपाईचा दावा चालू राहतो. तिथे मुख्य साक्षीदार असतो कागद. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीचा विमा. वेळेवर हातात घेतलेला कागद गावाच्या दबावाने फिरत नाही. ज्या समाजाचे साक्षीदार फोडले जातात, त्या समाजाने तरी कागदावरची लढाई सोडता कामा नये.

विम्याचा विचार बाबासाहेबांनी केला होता

‘विमा, क्लेम हे आपले विषय नाहीत’ असे म्हणणाऱ्या मित्रांनी ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे १९४७ चे निवेदन काढून वाचावे. जमिनीचे राष्ट्रीयीकरण हा त्यातला मुद्दा आपण भाषणात सांगतो. त्याच्या शेजारीच बाबासाहेबांनी मागणी केली आहे की विमा हा धंदा फक्त राज्याच्या हाती असावा, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे राज्याने सक्तीचे करावे. मूलभूत हक्कांच्या आराखड्यात विमा! कारण त्यांना माहीत होते की ज्याच्याकडे जमीन नाही, दुकान नाही, वतन नाही, त्याची एकच मालमत्ता असते, त्याचे शरीर. ते शरीर मोडले की अख्खे कुटुंब सावकाराच्या दारात जाते.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९४४ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आज आपल्यातला जो कामगार ‘ईएसआय’च्या दवाखान्यात जातो, त्याच्या हातातल्या कार्डामागे हा इतिहास आहे.

पुढे काय झाले? १९५६ मध्ये आयुर्विमा आणि १९७३ पासून सर्वसाधारण विमा सरकारी झाला. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले. परकीय भांडवलाची मर्यादा २०२१ मध्ये ७४ टक्क्यांवर गेली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांची घोषणा झाली. बाबासाहेबांनी जे राज्याचे कर्तव्य म्हटले, तो आज नफ्याचा धंदा आहे. हा धंदा दावे नाकारून चालतो आणि नाकारण्यासाठी त्याच्याकडे पगारी वकिलांची फौज आहे. आपल्या विधवेकडे कोण आहे?

गणितात लपलेली जात

आता खरा मुद्दा. भरपाई कशी ठरते ते प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत त्याचा साचा घालून दिला आहे.

समजा तीस वर्षांचा मजूर अपघातात गेला. मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. त्याचे महिन्याचे उत्पन्न घ्यायचे. त्यात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे, कारण वय चाळिशीच्या आत आहे. आलेल्या रकमेतून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा करायचा, कारण अवलंबून असलेले चार आहेत. वर्षाची रक्कम काढून वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायची. तीस वर्षांसाठी हा गुणक १७ आहे.

न्यायाधिकरणाने उत्पन्न ६,००० रुपये धरले तर हिशोब येतो १२ लाख ८५ हजार २०० रुपये. उत्पन्न १५,००० सिद्ध झाले तर तोच हिशोब येतो ३२ लाख १३ हजार रुपये. माणूस तोच, मरण तेच, मुले तीच. फरक १९ लाख २७ हजार ८०० रुपयांचा, आणि तो फक्त उत्पन्नाच्या पुराव्यावर अवलंबून.

आता विचारा, उत्पन्नाचा पुरावा कुणाकडे असतो? शिक्षकाकडे पगारपत्रक, दुकानदाराकडे आयकर विवरण, बागायतदाराकडे सातबारा आणि कारखान्याचे ऊसबिल. आपल्या माणसाकडे काय? मुकादमाच्या वहीतला अंगठा. ती वही मुकादमाच्या पेटीत. म्हणून न्यायाधिकरण ‘गृहीत उत्पन्न’ धरते, आणि गृहीत धरलेले उत्पन्न नेहमीच कमी असते. मोटार वाहन कायद्याच्या १९९४ च्या परिशिष्टात न कमावणाऱ्या माणसाचे उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये लिहिले होते. तो आकडा वीस वर्षांहून जास्त काळ तसाच राहिला.

जातीने आधी शिक्षण नाकारले, मग जमीन नाकारली. त्यामुळे अंगमेहनतीचे, बिनकागदी काम वाट्याला आले. त्याच कामात माणूस मेला, आणि भरपाई ठरवताना पुन्हा सांगितले गेले की कागद नाही म्हणून तुमचा माणूस स्वस्त. कायद्याच्या सूत्रात जात हा शब्द कुठेही नाही. पण सूत्रात जो आकडा घालायचा तो जातीने आधीच ठरवून ठेवला आहे. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला संरचनात्मक विषमता म्हणतात. आपल्या वस्तीत याला ‘नशीब’ म्हणतात. तो शब्द आधी खोडला पाहिजे.

आणि याला उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंगळुरूच्या एका हमालाच्या प्रकरणात सांगितले की कष्टकऱ्याकडून पगाराच्या कागदाची अपेक्षा करता येत नाही, त्याने सांगितलेले उत्पन्न वाजवी असेल तर ते मानले पाहिजे. २०२१ मध्ये म्हटले की किमान वेतनाची अधिसूचना हा आधार घेता येतो, पण तोच शेवटचा आकडा नव्हे. म्हणजे किमान वेतनाचे दरपत्रक, ई-श्रम कार्ड, बँकेतल्या उचलीच्या नोंदी, फडावर सोबत काम करणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र हे सगळे कामाला येते. पण ते कुणीतरी गोळा करून दाव्याला जोडले पाहिजे. कोण करणार?

अर्धा कोयता

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, रात्री स्वयंपाक करते. ती अपघातात गेली की कंपनीचा वकील म्हणतो, मयत गृहिणी होती, उत्पन्न शून्य. जिवंतपणी जिचे नाव वहीत नव्हते, मेल्यावर तिचे काम कुठून येणार?

किर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घरकामालाही आर्थिक मूल्य आहे असे स्पष्ट केले आणि भविष्यातील वाढही त्यात धरायला सांगितली. तो आधार आहेच. पण ऊसतोड बाई फक्त गृहिणी नव्हती, ती कामगार होती, हे आपण मांडले पाहिजे. कोयत्याच्या कमाईत तिचा निम्मा वाटा होता, हे टोळीतल्या बायकांनी शपथेवर सांगितले पाहिजे.

हातपाय तुटलेल्यांचेही तसेच. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला म्हणतो ४० टक्के अपंगत्व. कंपनी म्हणते ४० टक्केच भरपाई. पण उजवा हात निकामी झालेला कारकून डाव्या हाताने शिकून नोकरी टिकवू शकतो, कोयता चालवणारा काय करणार? त्याचे कामच गेले. १९७५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हात तोडावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात त्याची कमाईची क्षमता पूर्ण, म्हणजे १०० टक्के गेली असे मानले. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) मध्ये तेच तत्त्व नीट समजावून सांगितले आहे. डॉक्टरचा टक्का शरीराचा असतो, दाव्यातला टक्का पोटाचा असतो. हा फरक आपल्या माणसाच्या बाजूने कुणी बोलले नाही तर न्यायाधिकरण आपणहून शोधत बसत नाही.

‘मिटवून टाका’ म्हणजे काय?

अपघात झाला की पोलीस येण्याआधी मध्यस्थ येतो. ट्रॅक्टरवाला गावातलाच, शिवारातला मोठा. उद्या त्याच्याच रानात खुरपायला जायचे आहे. मग समाजमंदिरात बैठक बसते. चाळीस-पन्नास हजारांत मिटते. कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा घेतला जातो. एफआयआर होत नाही, किंवा गाडीचा नंबरच बदलतो.

यात दोन गोष्टी आपण लोकांना सांगत नाही. पहिली, गाडीचा विमा चालू असेल आणि ड्रायव्हरकडे परवाना असेल तर भरपाई मालकाच्या खिशातून जात नाही, विमा कंपनी देते. त्यामुळे ‘शेजाऱ्याचे वाटोळे कशाला करता’ हा युक्तिवादच खोटा आहे. दुसरी, जिथे मिटवायची सर्वांत जास्त घाई असते तिथे बहुतेक वेळा विमा संपलेला असतो किंवा परवाना नसतो. म्हणजे मालकाने कायदा मोडलेला असतो आणि त्याची शिक्षा मेलेल्याचे कुटुंब भोगते. जो कार्यकर्ता अशा बैठकीत बसून ‘गावात शांतता राहावी’ म्हणून मिटवायला सांगतो, त्याने निळा झेंडा खाली ठेवावा.

नकाराचे ठरलेले पाढे

कंपन्यांची नकारपत्रे वाचली की कळते, बहाणे मोजकेच आहेत.

ट्रॉलीत बसलेले मजूर ‘फुकटचे प्रवासी’ होते, विमा मालाचा होता, म्हणून आम्ही देणे लागत नाही. २००२ च्या आशा राणी निकालाचा आधार ते घेतात. पण त्याच सर्वोच्च न्यायालयाने मनुआरा खातून (२०१७) प्रकरणात कंपनीला आधी पैसे द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगितले आहे. ‘आधी द्या, मग वसूल करा’ ही मागणी दाव्यातच लिहिली पाहिजे. आणि मजूर फुकटचा प्रवासी नव्हता, कामावर होता, हेही.

ड्रायव्हरचा परवाना हलक्या वाहनाचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सांगितले की साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना चालतो.

दावा उशिरा केला. विमा नियामकाने २०११ मध्येच परिपत्रक काढले आहे की केवळ उशिराच्या कारणाने खरा दावा नाकारू नये.

कामगार आमचा नाही, मुकादमाचा आहे, असे कारखाना म्हणतो. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून तत्त्व आहे की ठेकेदारामार्फत स्वतःच्या धंद्याचे काम करून घेणारा मुख्य मालक भरपाईला जबाबदार असतो. त्याने ठेकेदाराकडून नंतर वसूल करावे. ते त्याचे दुखणे, विधवेचे नाही. लक्षात ठेवा, कामावर असताना मोटार अपघात झाला तर मोटार वाहन कायदा किंवा कामगार भरपाई, दोन्हींपैकी एकच रस्ता निवडावा लागतो. तो दावा भरण्याआधी विचारून निवडा.

सातबाऱ्यावरची दया

सरकारची शेतकरी अपघात योजना आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने. मृत्यूला दोन लाख. चांगली गोष्ट आहे. पण ती मिळते सातबारावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. ज्याचे आयुष्य शेतात गेले पण सातबारा नाही, तो शेतमजूर त्यात नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्या भूमिहीनांची नातवंडे आजही अपघात योजनेच्या दाराबाहेर उभी आहेत. मातीत राबणे हा निकष नाही, मातीची मालकी हा निकष आहे.

आणि या योजनेच्या नावातला शब्द बघा, २०२३ पासून ती ‘सानुग्रह अनुदान’ झाली. सानुग्रह म्हणजे कृपेने. पूर्वी विमा होता, तो नाकारला तर ग्राहक आयोगात भांडता येत होते. कृपेशी कसे भांडायचे? मोठा अपघात झाला की मंत्री पाच लाख जाहीर करतात, तेही कृपाच. बाबासाहेबांनी आयुष्यभर दयेऐवजी हक्क मागितला. आपण मात्र धनादेश देणाऱ्या पुढाऱ्याच्या शेजारी फोटोला उभे राहतो.

हक्काचे उदाहरण पाहायचे असेल तर गटारात मेलेल्या सफाई कामगारांचे पाहा. सफाई कर्मचारी आंदोलनाने वर्षानुवर्षे खटला चालवला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूला दहा लाख द्यायला सांगितले. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या विधवांना ते द्यायला लावले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बलराम सिंग प्रकरणात ती रक्कम तीस लाख झाली, कायमच्या अपंगत्वाला वीस लाख. ही कुणाची कृपा नाही. संघटनेने कागद जमवून, नावे मोजून मिळवलेला हा हक्क आहे.

टक्केवारीचा धंदा आणि फुकटचा हक्क

आता वकिलांबद्दल. चळवळीतले अनेक वकील पदरचे पैसे घालून लढतात, त्यांना वंदन. पण सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर वकीलपत्रावर सह्या घेत फिरणारे एजंट आपण सर्वांनी पाहिले आहेत. ‘आता काही देऊ नका, आले की पंचवीस-तीस टक्के.’ हे बेकायदेशीर आहे. वकिलाने निकालावर फी ठरवू नये, मिळालेल्या रकमेत वाटा घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. तेलंगणातल्या एका बाईकडून पतीच्या अपघाताच्या भरपाईत वकिलाने टक्केवारी मागितली, चेक घेतला आणि तो न वटल्यावर तिच्यावरच खटला भरला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला आणि टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे असे बजावले.

दुसरीकडे, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चे कलम १२ सांगते की अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, मूल, अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. यांना उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, १५१०० हा मोफत क्रमांक आहे. जातीचा दाखला आपण शिष्यवृत्तीसाठी काढतो, निवडणुकीसाठी काढतो. तोच दाखला मोफत वकील देतो, हे वस्तीत किती जणांना माहीत आहे? मोफत वकील नीट लक्ष देत नाही अशी तक्रार असते, आणि ती पुष्कळदा खरी असते. मग समितीकडे लेखी तक्रार करा, वकील बदलून मागा, तारखेला कार्यकर्ता सोबत पाठवा. वाईट चालणारा हक्क सुधारून घ्यायचा असतो, दलालाला विकायचा नसतो.

प्रत्येक वस्तीत एक दावा वही

जयंतीला वर्गणी निघते, डीजे लागतो, मंडळाचे टी-शर्ट छापले जातात. मी जयंतीच्या आनंदाविरुद्ध नाही. पण ज्या मंडळाकडे पन्नास पोरे आहेत त्यांतली दोन पोरे हे काम शिकू शकतात. वही, फोन आणि थोडी चिकाटी पुरे.

अपघात झाल्यावर पहिल्या दिवशी: गाडीचा नंबर, ड्रायव्हरचे नाव, जागेचे फोटो. एफआयआर त्याच गाडीच्या नंबरवर झाला का ते वाचून पाहा. शवविच्छेदन टाळू देऊ नका. जखमीच्या उपचाराची प्रत्येक पावती, औषधाच्या चिठ्ठीसकट, एका पिशवीत.

पहिल्या महिन्यात: मयताचे पासबुक भरून घ्या. मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापले असतील तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला दोन लाख. ४३६ रुपये कापले असतील तर जीवन ज्योती, तिचेही दोन लाख. अनेक घरांना आपला विमा आहे हेच माहीत नसते. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी होती का पाहा. मोटारसायकल स्वतःची असेल तर तिच्या विम्यात मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा घेतला होता का पाहा. परवान्याशिवाय तो मिळत नाही, म्हणून पोरांनो, आधी परवाना काढा.

सहा महिन्यांच्या आत: मोटार अपघाताचा दावा. २०२२ पासून ही मुदत लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अपघात कोल्हापूरला झाला किंवा कर्नाटकात, तरी दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात भरता येतो. चूक कुणाची हे न सांगता मिळणारी भरपाई मृत्यूला पाच लाख, गंभीर जखमेला अडीच लाख. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार मिळतात, अर्ज महसूल कार्यालयात करायचा.

विमा कंपनीने नाकारले तर: आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही तर विमा लोकपाल. आपल्यासाठी पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा पन्नास लाख. नाहीतर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग, जिथे आपण राहतो तिथेच.

हे सगळे कंटाळवाणे काम आहे. यात घोषणा नाही, व्यासपीठ नाही, व्हायरल होणारा व्हिडिओ नाही. तारखा पडतात, वर्षे जातात. पण चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर काय झाले ते आठवा. मार्च १९२७ मध्ये आपण पाणी प्यायलो. तळे सर्वांचे आहे हे न्यायालयात शेवटपर्यंत सिद्ध व्हायला १९३७ उजाडले. बाबासाहेबांनी तो दावा दहा वर्षे सोडला नाही. सत्याग्रहाचा वर्धापन दिन आपण साजरा करतो, त्या दाव्याच्या दहा वर्षांचा नाही. ओंजळीइतकीच ती फाइलही महत्त्वाची होती.

यंदाचा हंगाम सुरू होईल तेव्हा खर्डा, जामखेडच्या रस्त्यावरून पुन्हा ट्रॅक्टर जातील. टोळी निघण्याआधी अड्ड्यावर जा. प्रत्येक कोयत्यातल्या दोघांची नावे, आधार, बँक खाते, उचल, मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव लिहून घ्या. बाईचे नाव वेगळ्या ओळीत लिहा. देव करो, निसर्ग करो, नशीब करो असे म्हणायची आपल्याला सवय नाही. सगळे सुखरूप परतले तर वही तशीच ठेवा. कुणी परतले नाही, तर त्या घराला सांगायला आपल्याकडे सांत्वनाबरोबर एक भरलेले पान असेल.

नमो बुद्धाय. जय भीम.